कोरडा दोरा

चौसष्ट-पासष्ट सालात महागावच्या बाजूच्या खेड्यांमध्ये इंदूबाईच्या भरतकामाच्या वर्गाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पहिल्या दिवशी ती टाका म्हणून शिकवीत नसे. सतरंजीवर मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा ठेवी, त्याच्या शेजारी लाकडी रिंग, बारीक नेढ्याची सुई, लहान कात्री आणि रंगीत दोऱ्याची एक लडी. मग म्हणे, "एवढंच लागते, पोरीहो. बाकीचे समदे नखरे हायेत." पोरी हसत, सुई उचलत आणि दोऱ्याचं टोक सवयीनं जिभेकडे नेत. तेवढ्यात इंदूबाईचा आवाज चढे, "तोंड बंद! दोरा कोरडा ओवायचा."

का, असं कुणी विचारलंच तर ती सांगे की थुंकीनं सुई गंजते, दोऱ्याचा पीळ सुटतो, लाल रंग असेल तर कापडावर डाग पडतो. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते कळायला पाच-सहा वर्षं मागं, बोरदरी नावाच्या तिच्या गावी जायला हवं.

इंदूबाई बोरदरीची सून. छप्पनच्या दसऱ्याला नवरा नागोराव, दीर आणि ती नागपूरला जाऊन आली, पांढरं लुगडं नेसून. परत आल्यावर वस्तीनं घरातले देव नदीत सोडले आणि मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. देव सोडले तेव्हा गाव नुसतं हसलं. ढोरं सोडली तेव्हा मात्र गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि खळ्यावरचं वाट्याचं धान्य त्याच हंगामात बंद झालं. दीर पूर्वी दमडू होता, नागपूरहून आला तो धर्मपाल होऊन. गावातले लोक मुद्दाम "अरे दमड्या" म्हणून हाक मारायचे आणि तो मुद्दाम ऐकू न आल्यासारखा पुढे जायचा.

पुढच्या पावसाळ्यात नागोराव तापानं गेला. मागं राहिली बाविशीतली इंदू आणि तीन वर्षांची नलू. कापूस वेचायच्या दिवसांत हाताला काम असे, मग नसे. इंदूनं मनाशी एकच धरलं होतं, की या पोरीनं कुणाच्या खळ्यावर पदर पसरून उभं राहायचं नाही. पण ते कसं व्हायचं हे मात्र तिला सुचत नव्हतं.

अठ्ठावन्न साल संपता संपता विकास योजनेच्या ऑफिसातून निरोप आला. बायकांसाठी चार महिन्यांचा भरतकामाचा वर्ग निघणार, शेवटी पुसदला परीक्षा, आणि पास होईल तिला प्रमाणपत्र. प्रमाणपत्र असेल तिला पुढं दुसऱ्या गावी वर्ग शिकवायचं काम मिळू शकेल. अट एवढीच, की सही करता आली पाहिजे आणि वर्गात बारा बायका हव्यात. नागोरावनं इंदूला सही शिकवून ठेवली होती. गावात सही येणाऱ्या, घरून सुटका होणाऱ्या आणि तयार असणाऱ्या बायका मोजल्या तर अकरा भरल्या. बारावी इंदू. गावाला ती नको होती, पण बाराचा आकडा हवा होता.

शिकवायला आलेल्या विमलताई यवतमाळच्या. वय पंचविशीच्या आत, नोकरी नवी, स्वभाव भिडस्त. कुणाचं घर कुठल्या बाजूला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही. हजेरीपटावरच्या क्रमानं त्यांनी दोघींदोघींच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला पत्र्याचा एक डबा दिला. डब्यात एक रिंग, दोन सुया, एक कात्री आणि सहा लड्या. इंदूच्या वाट्याला जोडीदारीण आली तानाबाई.

तानाबाई म्हणजे वामनराव पाटलांची बायको, पन्नाशीला टेकलेली. तोंडानं फटकळ. मनात आलेलं ओठांवर यायला तिला वेळ लागत नसे, आणि त्यापायी घरात दोनदा अबोला झालेला. वैशाखात तिच्या लेकीचं लग्न होतं. अंतरपाट स्वतःच्या हातानं भरायचा, मधोमध लाल स्वस्तिक आणि कडेनं वेल, एवढ्यासाठी ती या वयात वर्गात बसली. पण डोळे अधू. सुई दिसे, सुईचं नेढं दिसत नसे.

"अवं इंदे, ओवून दे मले," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "माह्या डोळ्यापुढं धुकं येते."

इंदूनं दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, जिभेनं ओलं केलं, चिमटीत पीळ दिला आणि एका झटक्यात ओवलं. तानाबाई कौतुकानं बघत राहिली. "दृष्ट नको लागो तुह्या डोळ्याले," ती म्हणाली.

तीन आठवडे असंच चाललं. तानाबाईचा दोरा संपला की ती सुई पुढे करी, इंदू ओवून देई. तानाबाईला कळत नव्हतं का? कळत होतं. पण गावाची रीत अशी, की जोवर कुणी बोलत नाही तोवर काही घडलेलं नसतं. खाली माना घालून बारा बायका टाके घालीत होत्या आणि अंतरपाटावरच्या स्वस्तिकाचे तीन हात भरून झाले होते. चौथा तेवढा राहिला होता.

मग एका दुपारी मैनाबाईनं मान वर केली. ही तानाबाईची धाकटी जाऊ. तिच्या नजरेतून केरातली सुईसुद्धा सुटायची नाही.

"बाई वं बाई!" ती ओरडली. "अंतरपाट हाये तो! नवरा-नवरीच्या मधात धरायचा! अन् त्याले हिच्या तोंडातला दोरा?"

सगळ्यांची कामं थांबली. इंदूच्या ओठांत तेव्हाही टोक होतं. ते काढावं की ओवावं हे तिला कळेना. मैनाबाईनं तानाबाईच्या मांडीवरून कापड ओढलं आणि कात्रीनं टाके उसवायला घेतले. उसवता उसवता कापड दोन ठिकाणी फाटलं, तेव्हा तिनं ते तसंच कोपऱ्यात फेकून दिलं. तानाबाई, जिच्या तोंडाला गाव भीत असे, ती त्या दुपारी एक शब्द बोलली नाही. रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी विमलताईंनी इंदूला दारातच थांबवलं. "राग मानू नका, इंदूबाई. उष्ट्याचा प्रश्न निघालाय. थोडे दिवस तुम्ही ओसरीवर बसा. हजेरी मी लावीन." लावणं भागच होतं. अकराच्या हजेरीवर वर्ग बंद पडला असता.

झालं, इंदू ओसरीवर आली. डबा आत राहिला, म्हणजे रिंग आतच, कात्री आतच. लडी हवी असली की मैनाबाई खिडकीतून टाकी आणि इंदू पदरात झेली. पदरात न पडता मातीत पडली तर आतून खुसखुस ऐकू येई.

धर्मपालला हे कळलं तेव्हा तो तांबडालाल झाला. "उद्यापासून जायचं नाही! कायले जाऊन राह्यली तू तिथं? धरम सोडला तो काय त्याइच्या ओसरीवर बसायले?"

"मले कागद पायजे, भाऊजी," इंदू म्हणाली. "कागदावर ओसरी लिहून येत नाही."

धर्मपाल उठला आणि बांबू चिरायला बसला. दोन पातळ कामट्या विस्तवावर शेकून त्यानं वाकवल्या, एक लहान वेढा आणि एक थोडा मोठा, आणि टोकं सुतळीनं आवळली. कामटीला कुसळं होती, कापड अडकून फाटायचं. इंदूनं नागोरावच्या जुन्या धोतराची पट्टी फाडून आतल्या वेढ्याला गच्च गुंडाळली. तर कापड असं ताणून बसलं, की टिचकी मारली तर वाजावं. खोलीतल्या लाकडी रिंगांमध्ये कापड सारखं सैल पडे. हा शहाणपणा पुढं तिनं प्रत्येक वर्गात शिकवला. रिंग कसलीही असो, आतल्या गोलाला कापडाची पट्टी गुंडाळा.

आणखी एक गंमत झाली, गंमत म्हणता येत असेल तर. पंचायतीच्या ज्या खोलीत वर्ग भरे तिला खिडकी एकच आणि तीही कोनाड्याएवढी. आत अकरा जणी डोळे ताणून बसत. ओसरीवर मात्र दुपारभर लख्ख उजेड. गावानं तिला बाहेर काढलं, तेच नेमकं उजेडात. महिन्याभरात इंदूचा साखळी टाका असा एकसारखा यायला लागला की विमलताई चोरून बाहेर येऊन बघून जात.

पण इंदूचं लक्ष टाक्यांवर नव्हतं, दारावर होतं. "उष्टं" हा शब्द तिनं धरून ठेवला होता. तिच्या साध्या मनानं हिशोब मांडला: अडचण थुंकीची आहे. थुंकी काढली की अडचण गेली, आणि अडचण गेली की आपण आत.

म्हणून ती कोरडा दोरा ओवायला बसली. सोपं नव्हतं ते. सहा पदरी दोरा कोरडा असला की टोकाला फुटतो, दोन पदर आत जातात आणि चार बाहेर उभे राहतात. टोक तिरकं कापून पाहिलं. मेण लावून पाहिलं, तर दोरा मळला. आठ दिवस ती घरी, वावरात, नलूला मांडीवर घेऊन हेच करत होती. आणि नवव्या दिवशी तिनं टोकाचा नाद सोडला. दोरा सुईच्या अंगावर दुमडला, ताणला आणि दुमड अगदी मुळाशी अंगठा-बोटाच्या चिमटीत घट्ट धरून सुई काढून घेतली. चिमटीत दोरा दिसत नव्हता, इतका दाबलेला. मग सुईचं नेढं त्या चिमटीवर टेकवलं आणि चिमटी जराशी सैल केली. दुमड आपसूक नेढ्यातून वर आली. दोरा सुईकडे न्यायचाच नाही, सुई दोऱ्याकडे आणायची. डोळे मिटूनही जमत होतं.

त्या दुपारी ती दारात उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर.

"बाई, पाहा," ती विमलताईंना म्हणाली, आणि सगळ्यांदेखत एकदा नव्हे, तीनदा सुई ओवून दाखवली. "तोंड लावलं नाही. थुंकी नाही, काही नाही. आता बसू आत?"

मैनाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. "थुंकी नाही वं," ती म्हणाली, "पण हात तर तुहाच हाये ना."

दोघी-तिघी हसल्या. विमलताई हजेरीपटात काहीतरी शोधू लागल्या. इंदूला अपमान वाटला असं म्हणणं फार थोडं होईल. अपमान तिच्या ओळखीचा होता, जन्मापासूनचा. तिला त्या घडीला स्वतःची लाज वाटली. ज्याला उत्तरच नव्हतं ते आपण कोडं समजलो आणि आठ दिवस शहाण्यासारखं सोडवत बसलो, याची. ती ओसरीवर जाऊन बसली आणि त्या दिवशी एकही टाका तिनं घातला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. मात्र त्यानंतर तिनं दोऱ्याला कधी जीभ लावली नाही. कुणाला दाखवायचं नव्हतं आता. हट्ट होता.

आत तानाबाईची दशा वाईट होती. मैनाबाई दिवसातून एकदा, मर्जी असली तर, सुई ओवून देई. बाकीचा वेळ तानाबाई दोरा चघळत आणि नेढ्याच्या आजूबाजूला भोसकत बसे. वैशाखात लग्न लागलं ते बाजारातून आणलेल्या साध्या धुवट कापडाच्या अंतरपाटानं. लोक म्हणाले, तानाबाईनं मोठा गाजावाजा केला होता, ना वेल ना स्वस्तिक. तिनं ऐकून घेतलं.

जेठ महिन्यात परीक्षा आली. बैलगाड्यांनी महागाव, तिथून मोटारीनं पुसद. मोटारीची वाट बघत असताना विमलताईंनी इंदूला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"इंदूबाई, तिथं कुणी विचारलं वर्गात कुठं बसत होता, तर आतच म्हणा. ओसरीही वर्गाचीच ना. नाहीतर माझी नोकरी जाईल, आणि वर्गच रद्द झाला तर तुमचाही कागद जाईल."

इंदूनं मान हलवली. तीन महिने ओसरी सोसली ती कागदासाठी. आता दारात येऊन बोलून तो घालवायचा तर सोसलं कशाला, असा तिचा सरळ विचार होता.

परीक्षा एका शाळेच्या मोठ्या दालनात होती. तीन-चार गावच्या मिळून चाळीसेक बायका, लांब सतरंज्या, आणि बसायचं हजेरीच्या क्रमानं. त्यामुळे इंदूच्या डाव्या हाताला पुन्हा तानाबाई आली. परक्या गावी मैनाबाईला काही बोलता येईना. तीन महिन्यांनी दोघी अशा लगत बसल्या होत्या, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

परीक्षक बाई नागपूरच्या, पिकल्या केसांच्या, जाड चष्म्याच्या. प्रत्येकीला त्यांनी कापड, रिंग, सुई आणि न फोडलेली लडी दिली. धावदोरा, देठाचा टाका, साखळी टाका, आणि दोन तास. घंटा झाली तशी दालनातल्या सगळ्या बायकांनी दोऱ्याची टोकं एकदम तोंडात घातली. एकीनं दोरा दुमडला, चिमटीत धरला आणि सुई त्याच्यावर आणली.

परीक्षक बाई तिच्यापाशी थांबल्या. "पुन्हा करून दाखवा."

इंदूनं दोरा काढून पुन्हा ओवला.

"चांगली रीत आहे. दोऱ्याचा पीळ मोडत नाही. कुणी शिकवली?"

"सवय हाये, बाई."

"सवय कुणीतरी लावावी लागते," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात आडून काही नव्हतं, साधी चौकशी होती. "विमलताई, तुम्ही शिकवलंत?"

भिंतीपाशी उभ्या असलेल्या विमलताई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. इंदू खाली बघत होती. हो म्हणून टाका, ती मनातल्या मनात विमलताईंना सांगत होती, हो म्हणा आणि होऊ द्या पार.

शेजारी तानाबाई घंटेपासून सुईशी झगडत होती. दोरा थुंकीनं लिबलिबीत झाला होता, टोक फुटून त्याचा झाडू झाला होता. तिनं सुई आणि दोरा दोन्ही सतरंजीवर आपटले.

"आमी लावली तिले सवय," ती म्हणाली. आवाज वावरातला, दालनभर गेला. "दुसरं कोन लावन? तिच्या तोंडचा दोरा आमाले चालत नव्हता. मंग हिनं कोरडा ओवून दाखवला, तर आमी म्हटलं हात चालत नाही. तीन महिने ओसरीवर बसवली. माह्या डोळ्यादेखत बसवली, अन् माही वाचा बसली होती."

मैनाबाईनं पलीकडून तिचा पदर ओढला. "घरी सासूबाई ऐकतीन तं काय म्हनतीन, जाऊबाई!"

"म्हनू दे." तानाबाईनं पदर सोडवून घेतला.

विमलताई रडत होत्या. परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "याबद्दल मी तुमच्याशी नंतर बोलेन," त्या विमलताईंना म्हणाल्या. "ऑफिसातही बोलेन." मग इंदूकडे वळल्या. त्या कनवाळू वगैरे नव्हत्या. त्यांना दोऱ्याचं काम कळत होतं, एवढंच. "उठा. तुमचा वेळ मी वाढवून देते. ही रीत सगळ्यांना दाखवा. नुसती लांबून नको, हात धरून."

इंदू उठली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकेकीपुढं गुडघे टेकून बसायचं, तिचा अंगठा आणि बोट आपल्या हातात घ्यायचं, दुमड त्यात दाबून धरायची आणि सुई वरून आणायची. परक्या गावच्या बायका, काही संकोचल्या, एकीनं हात मागं घेतला आणि परीक्षक बाईंचे डोळे बघून पुन्हा पुढं केला. इंदूची चिमटी कुठं चुकली नाही. चौदा जणी झाल्या, पंधरा झाल्या. मैनाबाईपुढं आली तेव्हा मैनाबाईनं तोंड फिरवलं, पण हात दिला. तिथंही सुई पहिल्या झटक्यात ओवली गेली.

मग तानाबाई.

तानाबाईनं आपला हात आधीच पुढं करून ठेवला होता. उपडा नव्हे, उताणा. जाड, कापूस वेचून चिरलेली बोटं. इंदूनं ती धरली, दुमड त्यांच्या चिमटीत ठेवली, सुई उचलली आणि तिला पुढचं काही दिसेना. डोळे भरून आले होते. सुई चिमटीवर टेके आणि घसरे, टेके आणि घसरे. आठ दिवस घोकून हातात बसवलेली, डोळे मिटून जमणारी ती रीत त्या घडीला तिच्या हातून गेली. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा दोरा दुमडला. पुन्हा घसरला.

अख्खं दालन बघत होतं. तानाबाईनं हात काढून घेतला नाही. तो तसाच इंदूच्या हातात ठेवून ती हळू म्हणाली, इतकं हळू की गावात तिला असं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, "राहू दे, इंदू. घाई कायची हाये? मी बसली हाये."